टीमचं नाव : अर्धा कोयता

सावेडी, नगर
बुधवार

प्रिय दिशा,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत, आजीसुद्धा. पत्र एवढ्याचसाठी की फोनवर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझं 'आई, ऐक ना' सुरू होतं, आणि ऐकून ऐकून शेवटी मी 'बरं' म्हणून फोन ठेवते. लग्नाचं बोलायला तू केलास त्या फोनलाही मी 'बरं'च म्हणाले. त्या 'बरं'चं काय करायचं ते मी शेवटी लिहीन. आधी मला पोटभर रागवून घेऊ दे, कारण पंधरा दिवस मी कुणावर धड रागावलेलीसुद्धा नाही.

तर बातमी अशी, की रविवारी तुझ्या आईने ट्रायथलॉन पूर्ण केली. आधी साडेसातशे मीटर पोहायचं, मग तशाच ओल्या अंगाने वीस किलोमीटर सायकल मारायची, आणि सायकल ठेवून पाच किलोमीटर पळायचं. मधे कुणी चहालासुद्धा विचारत नाही. राहुरीच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यावर होती. अडीच तासांत संपवायची, नाहीतर नाव कट. तुला वाटेल हिला सेहेचाळिसाव्या वर्षी हे काय सुचलं. सुचलं मला नव्हतंच. गेल्या वर्षी एसटी डेपोतल्या तपासणीत माझी साखर काठावर निघाली, तेव्हापासून मी पहाटे चालते हे तुला माहीत आहे. तिथेच त्या मोनिका मॅडमची ओळख झाली. सावेडीतच दातांचा दवाखाना आहे त्यांचा. त्यांच्या डोक्यात होतं की तीन बायकांची टीम करायची, एकीने पोहायचं, एकीने सायकल, एकीने पळायचं. एका बोटावर उचलता येईल अशी सायकल मॅडमकडे होती, पळायला त्यांची मैत्रीण रेश्मा होती, पण धरणात उतरायला कुणी तयार नव्हतं. दोघी तलावात पोहणाऱ्या, तळ दिसला नाही की काठ सोडत नाहीत. मी म्हटलं, अहो, आमच्या विहिरीत कधी तळ दिसला होता? तेव्हा मला चांगलं टाळ्या वाजवून टीममध्ये घेतलं.

म्हटलं, येतंय तरी नीट शिकून घ्यावं. तर तरणतलावावर बायकांची वेळ कोणती, तर दुपारी अकरा ते बारा. म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईने खुशाल बुडावं. दोन महिने ड्युट्या बदलून घेतल्या, त्यापायी तिघांच्या दिवाळीतल्या फेऱ्या मी केल्या. मनगटापासून घोट्यापर्यंतचा कॉश्च्यूम घेतला, तो अंगात जायला पाऊण तास आणि निघायला त्याहून जास्त. आणि एवढं करून पाण्यात उतरले तर शिकवणाऱ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, 'ताई, मान वर काय काढताय, आणि गोल कुठे चाललात?' आता विहिरीत शिकलेला माणूस गोलच जाणार. सरळ गेलं की चार हातांवर दगड. तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या अण्णांनी, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला विहिरीत ढकललं आणि काठावरून ओरडत राहिले, कडेकडेनं, कडेकडेनं. त्यांचं नाव श्रीमंत, ते नावापुरतंच. पण पाणी असेल तोवर रोज संध्याकाळी ते माझ्यासाठी विहिरीवर यायचे. पाथर्डीकडचं पाणी, दिवाळीपर्यंत टिकलं तर नशीब. विहीर आटायला लागली की वस्ती ऊसतोडीला निघायची आणि माझं पोहणं पुढच्या पावसाळ्यावर जायचं.

असं सगळं करून मी तयार झाले आणि स्पर्धेला बारा दिवस असताना मोनिका मॅडमचा मेसेज आला. रेश्माचा पाय मुरगळला, टीम अर्धी झाली, मी दुसऱ्या टीममध्ये जातेय, सविताताई तुम्ही समजून घ्याल. पुढे हात जोडल्याचं चित्र. मी स्टँडवर उभी होते, गाडी लागलेली, जामखेडचे लोक दारात धक्काबुक्की करत होते, आणि मी त्या मेसेजकडे बघत राहिले. रेश्माचा पाय मुरगळला त्याला इलाज नाही. पण मला न विचारता परस्पर ठरवून मोकळं व्हायचं आणि वर मीच समजून घ्यायचं, हे कुठलं? आणि टीम अर्धी कशी झाली? मी होते की. एक अख्खी बाई उभी होते. त्यातल्या 'अर्धी' या शब्दाने माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. का, ते तुला कळायचं नाही, कारण हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

पुण्यात कोयता म्हटलं की लोक पोलिसांना फोन करतात. आमच्या वस्तीवर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार, दोघं मिळून एक कोयता. दोघांतलं एक गेलं की मागे राहतो तो अर्धा कोयता. अण्णा गेले तेव्हा मी चौथीत होते. त्याच वर्षी दसऱ्याला मुकादम वस्तीवर आला, घरोघर बसला, पाणी प्याला, आणि आमच्या दारात उभ्या उभ्याच म्हणाला, 'लंकाबाई, अर्धा कोयता घिऊन म्या काय करू?' आई सुपातलं धान्य पाखडत राहिली. अगं, ती बाई एकटी गड्याच्या बरोबरीने ऊस तोडायची आणि वर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. तरी अर्धी. शेवटी माझ्या थोरल्या भावाची, तुझ्या कल्याणमामाची, नववीची शाळा सोडवून त्याला जोडीला नेलं, तेव्हा कुठे तिचा कोयता पूर्ण झाला. मामा उसात गेला म्हणून मी बारावी झाले. म्हणून त्याच्यावर मला मनासारखं रागवता येत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

आणि त्या मेसेजच्या दोनच दिवस आधी तुझा फोन येऊन गेला होता. पार्थच्या आईंचं म्हणणं की कन्यादानाला जोडीनेच बसावं लागतं, गुरुजीही तेच म्हणाले, तर कल्याणमामा आणि रुपालीमामी बसतील, तुला काही ताण नको, आई, चालेल ना? पाठोपाठ मामाचा फोन, 'सविता, तू कशाला जिवाला लावून घेतीस, आमी हाय ना.' सगळ्यांना माझा केवढा कळवळा. तुझे पप्पा गेले तेव्हा तू सहावीत होतीस. त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली, ते गाडी चालवायचे, मी तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं. पहिली फेरी असली की तू झोपेत असतानाच तुझी वेणी घालून निघायचे, आणि तुला बरीच वर्षं वाटायचं की वेणी रात्री घातलेलीच सकाळपर्यंत नीट राहते. तेव्हा कुणी म्हणालं नाही की वेणी जोडीने घालावी लागते. दहावीच्या पालकसभेला, तुझ्या डेंग्यूच्या आठवड्यात, पुण्याला हॉस्टेलवर ट्रंक घेऊन आले तेव्हा मी एकटी चालले. आता पाटावर बसायची वेळ आली तर मी अर्धी. दिवसभर मी बायकांना अर्धं तिकीट देते. पार्थच्या आईसुद्धा जामखेडहून नगरला माझ्या गाडीत अर्ध्या तिकिटावरच येतात. तिकीट अर्धं आहे म्हणून मी आजवर कुणाला अर्ध्या वाटेत उतरवलेलं नाही.

तर त्या रागात मी स्पर्धेवाल्यांना फोन लावला, म्हटलं, टीम मोडली, तिन्ही मी एकटीच केलं तर चालतं का? त्यांनी विचारलं, 'मॅडम, बाईक कोणती आहे?' मी म्हटलं, बाईक नाही, सायकल आहे. शेवटी त्यांनी चालतं म्हणून फॉर्म पाठवला. सायकल कोणती, तर तुला आठवीत शाळेतून मिळालेली, गॅलरीत उभी राहून गंजलेली. चौकातल्या गोरक्षकडे नेली तर तो म्हणाला, 'ताई, हिच्यावर म्या दळनसुदिक न्यायचो न्हाई.' पण मनावर घेतलं त्याने. पुढची टोपली, कॅरियर, स्टँड, मडगार्ड, सगळं उतरवलं, टायर नवे घातले. चेनकव्हरही काढत होता, पण त्यावर 'कु. दिशा' असं तूच ऑइलपेंटने लिहिलेलं आहे, ते मी काढू दिलं नाही. मग फॉर्म भरायला बसले. त्यात एक चौकट होती, टीमचं नाव. एकटीने उतरणाऱ्याने ती मोकळी सोडायची असते, हे मला कोण सांगणार? आमच्या मशीनमध्ये एक रकाना मोकळा सोडला तर तिकीटच निघत नाही. दोन मिनिटं विचार केला आणि लिहिलं, अर्धा कोयता.

रविवारी पहाटे मामा टेम्पो घेऊन आला. सायकल चढवण्यापासून राहुरीपर्यंत त्याचं तोंड चालू होतं. 'पोरीचं लगीन तोंडावर आलंय आन् तू पान्यात उड्या मारायला निघालीस. लोकं काय म्हनत्याल?' मी काचेतून बाहेर बघत बसले. तिथे पोचले तर सगळीकडे पोरंपोरी, अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांवर चष्मे, त्यांच्या सायकली बघून मामाने आपली खाली उतरवताना जरा आडोसाच धरला. मग शिट्टी वाजली आणि मी पाण्यात गेले. डिसेंबरचं पाणी, काळजाचा ठोका चुकला. पाण्यावर केशरी फुगे बांधलेले, त्यांना वळसा घालून यायचं. मी मान खाली घालून हात मारतेय, मारतेय, तर होडीतला माणूस ओरडतोय, 'ओ ताई, फुगा तिकडं हाय.' मी विहिरीच्या सवयीने डावीकडे डावीकडे वळत धरणात आपली वेगळीच चक्कर मारत होते. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी सरळ उताणी पडले, म्हटलं दम तरी खाऊ. विहिरीत उताणं पडलं की वर आभाळाचा एक गोल तुकडा दिसायचा आणि त्याच्या कडेला अण्णांचं डोकं. इथे आभाळाला कडच नव्हती. मला हसू आलं, दिशा. त्या थंडगार पाण्यात मी एकटी पडल्या पडल्या हसत होते. इतकी खूश मी कधी होते ते मला आठवेना. होडीवाल्याला वाटलं मी बुडतेय, त्याने दोरी टाकली. मी म्हटलं, राहू द्या, चाललेय मी.

बाहेर आले तर सगळे पाण्यातून सुटल्यासारखे सायकलीकडे पळत होते. मी आधी केस पिळले आणि अंबाडा घातला, त्यात दोन मिनिटं गेली, जाऊ देत. पाच किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या, दर फेरीला मनगटात एक रबर अडकवायचे. फेऱ्या मोजायचं मला कुणी शिकवायला नको. रस्त्याला ऊस भरलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागून निघालं की गोड वास नाकात बसायचा, आणि उताराला ती खटारा सायकल अशी सुटायची की मी पायडल सोडून नुसती बसून राहायचे. लोक चेनकव्हर वाचून 'कमॉन दिशा' ओरडत होते. दुसऱ्या फेरीला शेजारून मोनिका मॅडम आल्या. वेग कमी करून म्हणाल्या, 'अय्या, सविताताई, तुम्ही? एकट्याच?' माझ्या मनात बारा दिवस साठवलेलं बरंच काही होतं. पण तोंडातून निघालं ते रोजचंच, 'दारात उभं राहू नका, पुढे सरका.' त्या सरकल्या.

पळायला लागले तेव्हा मात्र पायांत गोळे आले. पळायची वाट उसाच्या फडाच्या कडेने होती आणि फडात टोळी लागलेली. माझ्याच वयाची एक बाई मोळी डोक्यावर घेऊन बांधावर थांबली आणि म्हणाली, 'बाई, कोन मागं लागलंय?' मी म्हटलं, घड्याळ. 'मंग पळ की,' म्हणाली आणि बाजूला झाली. शेवटचा किलोमीटर मी तिच्या त्या 'पळ की'वर काढला. मांडवात शिरले तेव्हा दोन तास सत्तावीस मिनिटं झाली होती. मागे एकच माणूस होता आणि त्याची सायकल पंक्चर झाली होती. माइकवाल्याने कागद बघितला, परत बघितला आणि ओरडला, 'आणि येत आहे टीम अर्धा कोयता! ताई, टीमचे बाकीचे मेंबर कुठे आहेत?' माझ्यापुढे माइक धरला. मला धाप लागली होती. मी म्हटलं, बाकी कुणी नाही, एवढीच टीम आहे. लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्या सगळ्या गर्दीत त्या नावाचा अर्थ एकट्या कल्याणमामाला कळला. तो हसला नाही, टाळीही वाजवली नाही. टेम्पोकडे गेला आणि फडक्याने काच पुसत बसला. स्वच्छ काच पुसत होता.

परतताना विळदचा घाट चढून वर येईपर्यंत तो नुसता गिअर बदलत होता. मग म्हणाला, 'मुकादमाचं बोलनं तुज्या ध्यानात हाय व्हय? तू तर एवढीशी हुतीस.' मी म्हटलं, आहे. टोलनाक्याच्या अलीकडे म्हणाला, 'सविता, म्या जोडीला गेलो म्हनून कोयता पुरा झाला आसं सगळी म्हनायची. खरं सांगू का, पयल्या साली ऊस सगळा आईनंच तोडला. म्या निस्ता मोळ्या बांधायचो आन् तेबी सुटायच्या.' आणि दारात मला उतरवताना, सायकल खाली घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाला, 'पाटावर तूच बस. आमी दोगं मागं उभं ऱ्हातो.' मामीलाही त्यानेच सांगितलं. तिचा लगेच फोन आला, तिला म्हणे आधीपासून अवघडल्यासारखं झालं होतं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. माझ्या लग्नात माझं कन्यादान चुलता-चुलतीने केलं. आदल्या दिवशी सगळ्यांनी मला विचारलं होतं, आई एकटी आहे, तिला बसता यायचं नाही, काका-काकू बसतील, चालेल ना? मी वीस वर्षांची होते आणि मी म्हणाले, चालेल. पाटावर बसल्यावर मी मागे वळून एकदाही बघितलं नाही की आई कुठे आहे. सगळं आटोपल्यावर पाया पडायला आत गेले तर ती मांडवामागे कढईपाशी पत्रावळी मोजत बसली होती. घरातल्या सगळ्या बायकांचे हात हळदीने पिवळे होते, तिचे कोरडे होते. मला म्हणाली, 'झालं का समदं नीट?' मुकादमाने तिला अर्धी म्हटलं तेव्हा मी चौथीत होते, पण त्या दिवशी मी चांगली शिकली-सवरलेली होते. हे मी सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या फोनवर तुझं 'चालेल ना' ऐकलं तेव्हा राग तुझा आलाच, पण त्याआधी तो आवाज मला माझा वाटला. पंचवीस वर्षांनी तुला असं पत्र लिहायची वेळ येऊ नये, म्हणून मी हे आज लिहितेय. माझं 'बरं' मी परत घेतलं. गुरुजींना जोडीच हवी ना, मग जोडीच बसेल. पाटावर मी, आणि माझ्या शेजारी तुझी आजी. काल पाथर्डीला जाऊन तिला विचारून आले. आधी म्हणाली, 'मला म्हातारीला कशाला गं मधी.' मग चहा गाळता गाळता हळूच विचारलं, 'पानी कोनी सोडायचं मंग, तू का म्या?' दोन अर्धे कोयते मिळून एक पूर्ण होतो, हे गणित मुकादमाचंच आहे, माझं नाही. पार्थच्या आईंना तू सांग, आणि तुला जमणार नसेल तर दर शुक्रवारची जामखेडची फेरी माझ्याकडेच आहे. पत्राचं उत्तर पत्रानेच पाठव. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही. पण 'चालेल' लिहू नकोस.

तुझीच,
आई